विजेला विटाळ नसतो

कुकर घरात आला तेव्हा आईने त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. दादाने तो अकोल्याच्या प्रदर्शनातून आणला होता, आणि त्या दिवशी अमरावतीच्या आमच्या गल्लीत दुसरी बातमीच नव्हती. अॅल्युमिनियमचं बुटकं पिंप, तळाशी मातीच्या चकतीत वळवून बसवलेली तार, तिच्यावर पाण्याचं भांडं, त्यात एकावर एक बसणारे तीन डबे, आणि पिंपाच्या अंगाला एक काळं बटन. बटन दाबलं की तार लाल व्हायची आणि बायका "अगंबाई" म्हणून दोन पावलं मागे सरायच्या.

"खाली भात, मधात वरण, वरच्या डब्यात भाजी," दादा येईल त्याला सांगत होता. "फुकनी नाई, धूर नाई, काईच नाई. फक्त पाणी आटू द्याचं नाई. पाणी आटलं का तार जळाली समजा."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ चंद्रभान. विजेच्या सामानाच्या दुकानात कामाला होता, म्हणून विजेवर चालणारं जे काही असेल ते आपल्याच खानदानातलं असल्यासारखं तो बोलायचा. वडील जाऊन चार वर्षं झाली होती. मोर्शीकडची शेती बटाईने दिलेली होती आणि घर आईच्या, गोदाबाईच्या, शब्दावर चालत होतं. ही त्रेसष्ट सालची गोष्ट. मी तेव्हा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या सगळ्या गणगोतात कॉलेजात गेलेली मी पहिली मुलगी, आणि ही गोष्ट मी कोणाला विसरू देत नव्हते.

घरात चौथी माझी वहिनी, शकुन. परतवाड्याची. माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठी. नववीत पहिली आली आणि त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न उरकलं. तिला बाहेरून मॅट्रिकला बसायचं होतं. तिच्या शाळेतल्या बाईंनी शब्द दिला होता की मॅट्रिक झालीस तर मास्तरणीच्या ट्रेनिंगला तुझं नाव मी घालते. हे घरात मला माहीत होतं आणि दादाला माहीत होतं. दादाचा विरोध नव्हता. दादाचा कशालाच विरोध नसायचा. तो आईचा निर्णय होईपर्यंत वर्तमानपत्र वाचत बसायचा.

आता अभ्यास कधी करायचा? पहाटे पाचला वहिनी उठायची ती सडा, पाणी, चूल, धुणं, पुन्हा चूल, आल्यागेल्याचा चहा, पुन्हा चूल. तिला बसलेली मी फक्त भाकरी थापताना पाहिली. पण महिन्यातले चार दिवस तिचे होते. आमच्याकडे बाहेर बसायचं कडक होतं. मागच्या अंगणात एक कोठी होती, सरकीची पोती आणि एक तुटकी बाज ठेवलेली. चार दिवस तिने त्या कोठीत बसायचं. कशाला हात लावायचा नाही, कोणाला शिवायचं नाही. आई जेवण उंबऱ्यावर ठेवायची, वरून वाढायची, सावली पडू न देता परत फिरायची. सकाळचंच संध्याकाळी. गार भाकरी, गार वरण, कधी नुसतं तिखट आणि तेल.

ह्या सगळ्याची मला चीड यायची, आणि वहिनी मात्र कोठीत जाताना चक्क हसायची. सरकीच्या पोत्यांमागे तिची पुस्तकं होती. मीच आणून दिलेली. बीजगणित, भूमिती, इंग्रजीचं वाचन, भूगोल. सकाळी उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत ती वाचायची आणि पाटीवर गणितं सोडवायची. तिला हाक मारायची कोणाची प्राज्ञा नव्हती. ती कामाची नव्हती, म्हणून कोणाचीच नव्हती. आई दर महिन्याला "पुन्हा बसली का!" म्हणून कपाळाला हात लावायची, कारण तिला नातू पाहिजे होता. वहिनीला पोर नको होतं असं नाही. पण मॅट्रिकच्या आधी नको होतं, आणि हे ती माझ्याखेरीज कोणाला बोलली नसावी.

"बाई, सालाचे अठ्ठेचाळीस दिवस होतात," ती मला एकदा म्हणाली. वहिनी मला 'बाई' म्हणायची, नणंदेला म्हणतात तसं. "अठ्ठेचाळीस दिवसांत मॅट्रिक होत नाई का? डोकं असलं तं होते."

डोकं होतं. मी कॉलेजातली, पण भूमितीची एखादी रचना अडली की मी तिच्याकडे जायची, ती माझ्याकडे नाही.

आणि असल्या बाईचं मी भलं करायला गेले.

कुकर पहिला महिनाभर नुसता शोभेला होता. आईच्या मते त्यातल्या भाताला दवाखान्याची चव होती. मग वहिनी कोठीत बसली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आई तिच्यासाठी शिळी भाकरी घेऊन निघाली तशी मी आडवी आले.

"आई, कुकर तिले कोठीत देऊन टाक. शिजवून घेईन ती आपलं आपलं. ऊन ऊन खाईन."

"काय बोलून राहिली तू? बाहेर बसलेली बाई चुलीले शिवते का?"

"ही चूल कुठं हाये? चुलीत अग्नी असते. ह्याच्यात जाळ हाये का? लाकूड हाये का? राख हाये का? हे वीज हाये. विजेले विटाळ नसते."

हे शेवटचं वाक्य मला फार आवडलं. मी ते त्या दिवशी तीन-चारदा म्हटलं. विज्ञान शिकत होते ना! वादात आईला गप्प करण्यासारखं सुख मला दुसरं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट होती. वहिनी बाहेर बसली की चार दिवस चुलीपाशी मला बसावं लागायचं. डोळे सुजायचे, कपड्यांना धुराचा वास यायचा, आणि पहिला तास बुडायचा. कुकर एकदा वापरात आला की मग तो सगळ्यांसाठीच लागेल, असं काही मी मनाशी ठरवलं नव्हतं. पण सुचलंच नव्हतं असंही नाही. मी वहिनीसाठी भांडले असं पुढे मी अनेकांना सांगितलं. त्यात निम्मं खरं आहे.

आई गप्प झाली नाही. ती माणिकबाईकडे गेली. माणिकबाई म्हणजे आमच्या गल्लीतली सोवळ्या-ओवळ्याची हायकोर्ट. पांढऱ्या लुगड्यातली, दात नसलेली, पण निकाल पक्का देणारी. ती काठी टेकत आली, कुकराभोवती एक चक्कर मारली, बटन दाबून पाहिलं, तार लाल होताना पाहिली. मग ओसरीवर बसून तिने निवाडा दिला. सुक्या धान्याला विटाळ नाही. लाकडाला विटाळ नाही. अग्नीला आहे, पण ह्याच्यात ज्योत दिसत नाही, तेव्हा हा अग्नी म्हणता येत नाही. पाण्याला मात्र आहे. म्हणून पाणी दुसऱ्या बाईने घालावं, आणि बसलेल्या बाईने बटनाला हात न लावता लाटण्याने दाबावं.

"लाटनं लाकडाचं हाये," माणिकबाई म्हणाली. "चालते."

मी खोलीत जाऊन पोट धरून हसले. मला वाटलं, मी एक किल्ला जिंकला.

त्या दिवशी वहिनीने कोठीत बसून तुरीचं वरण आणि भात केला. दादाने तिथे वायर ओढून दिली होती. मी पाणी घातलं, तिने लाटण्याने बटन दाबलं, आणि आम्ही दोघी उंबऱ्याच्या दोन बाजूंना बसून हसत राहिलो. झाकण काढल्यावर वाफ तिच्या तोंडावर आली. "बाई," ती म्हणाली, "ह्या खोलीत ऊन भात मी पयल्यांदाच खाऊन राहिली." तिचे डोळे भरून आले होते. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं त्याची सुरुवात अशी गोड होती.

दुसऱ्या महिन्यात आईला ताप आला आणि माझी प्रॅक्टिकलची परीक्षा होती. आई अंथरुणावरून म्हणाली, "शकुन बाहेर हाये तं काय झालं? नाईतरी ती बसूनच हाये. लावन कुकर. आपल्या सगळ्यायचं त्यातच टाक म्हनाव."

"आपण खायचं ते?" मी विचारलं. पण कसं विचारलं, तर दप्तर भरता भरता.

"तूच तं म्हने, विजेले विटाळ नसते."

दादाने पहिला घास घेतला. "मस्त झालं," म्हणाला आणि वर्तमानपत्र उघडलं.

तीन डब्यांत चौघांचं होत नव्हतं, म्हणून कुकर दोनदा लावावा लागायचा. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा. संध्याकाळी सगळ्या गावात दिवे लागले की वीज मंद व्हायची आणि तुरीची डाळ दीड-दीड तास डोळे वटारून बसायची. भाकऱ्या तेवढ्या आई चुलीवर टाकायची. बाकी सगळं कोठीतून यायला लागलं. मग आईला फुनके आठवले, वाटल्या डाळीचे मुटके. वाफेवरचे फुनके कुकरात काय सुरेख होतात! मग पाहुण्यांना ते फुनके खाऊ घालायची हौस आली. पाणी मी घालायचं ठरलं होतं, पण मी कॉलेजात असायची. मग नळाच्या पाण्याला विटाळ कसला, ते तर वाहतं, असं निघालं. मग लाटणं हरवलं आणि बोटाने बटन दाबायला कोणी हरकत घेतली नाही. उंबरा मात्र तसाच राहिला. शिवायचं नाही, घरात यायचं नाही, बाजेवर झोपायचं, ताट वेगळं. विटाळातलं जे बाईला सोयीचं होतं तेवढंच गेलं, बाकीचं जिथल्या तिथे होतं.

वहिनीने तरी हार मानली नाही. कुकराशेजारी पुस्तक मांडीवर घेऊन बसायची. शिजायला वेळ लागतोच आहे, तर वाचते, म्हणायची. पण कुकर आपलाआप बंद होत नाही. दादाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पाण्यावर लक्ष पाहिजे. दिवाळीनंतरच्या महिन्यात ती भूमितीच्या एका प्रमेयात अशी गुंतली की पाणी आटलं, डाळ करपली आणि कोठीतून जळका वास सगळ्या घरात गेला. आई धावली. उंबऱ्याशी थांबली, कारण आत जायचं नव्हतं, आणि तिथूनच तिला पुस्तक दिसलं. पोत्यामागची दुसरीही दिसली.

मला वाटलं, आता पुस्तकं चुलीत जातात. आईने तसलं काही केलं नाही. तसं केलं असतं तर बरं झालं असतं. मला तिच्याशी भांडता आलं असतं. ती शांतपणे म्हणाली, "शिक ना, मी कुठं नाई म्हनून राहिली? काम झाल्यावर शिक. आमी आमच्या टायमाले चार दिवस गोठ्यात बसो. शेन भरो, कडबा तोडो. कोनी मले ऊन भात दिला नाई का पुस्तक दिलं नाई. तुले पंख्याखाली बसवाव का आता?"

कोठीत पंखा नव्हता. पण त्या दिवसापासून आईने रीत बदलली. कुकर लावला की वहिनीच्या पुढे सूप यायचं. डाळी निवड, गहू निवड, वाती वळ, मिरच्यांची देठं काढ. सुक्याला विटाळ नाही, हे माणिकबाईने सांगितलंच होतं. कोठीचं दार उघडं ठेवायचं, म्हणजे करपल्याचा वास लवकर येतो.

चार दिवस असे गेले. बाहेर बसली तरी काम, आत आली तरी काम. मी पाहत होते. मी काही बोलले का? एकदा बोलले. आई म्हणाली, "बरं, मंग ह्या महिन्यात चुलीपाशी तू बस." माझी टर्मिनल परीक्षा होती. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात बघू. माझे चार दिवस यायचे तेव्हा मला कोणी कुकर लाव म्हणत नव्हतं, कारण तेव्हा चुलीपाशी वहिनी असायचीच. मी त्याच कोठीत, त्याच बाजेवर लोळून माझा अभ्यास करायची. तिच्या पाटीवर.

असं ते वर्ष गेलं आणि पुढचंही बहुतेक गेलं. पासष्टच्या मार्चमधल्या परीक्षेचा तिचा फॉर्म मीच भरला, दादाने सही केली. जानेवारीत ती कोठीत बसली आणि पहिल्याच सकाळी कुकर बंद पडला. तार तुटली होती. दादा दुकानाच्या कामाने पंधरा दिवस अकोल्याला गेलेला. आईने कपाळाला हात लावला. मी घरी होते, आणि आई मला म्हणाली, "एवढी बी.एस्सी. करून राहिली, तुले एक तार जोडता येत नाई? का नुसत्या गप्पाच?"

मला असं कोणी म्हटलं की संपलं. मी मेनस्विच बंद केला, चकती काढली, तुटलेल्या तारेची दोन टोकं ओढून एकमेकींत पिळली, पुन्हा खोबणीत बसवली. दहा मिनिटांचं काम. बटन दाबलं, तार लाल झाली. आईने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि कानशिलाशी बोटं मोडली. अशा कौतुकाने ती माझ्याकडे कधी पाहत नसे. गल्लीतल्या दोन बायका पाहायला आल्या. मी त्यांना तार कशी जोडतात ते समजावून सांगितलं.

सगळ्या गेल्यावर वहिनी कोठीच्या भिंतीला टेकून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मला कळलं असतं.

"काय झालं, वयनी?"

"ते जळालं नोतं, बाई," ती हळू म्हणाली. "मी तोडलं होतं. चिमट्यानं. हे घरी नाईत, मले मालूम होतं. चार दिवस भेटले असते मले. परीक्षेच्या आधी माह्याजवळ दोनच वेळ होते, हा आन पुढचा. बीजगणित अर्धं राहिलं हाये."

मी म्हटलं, "मी पुन्हा तोडते. आत्ता तोडते."

"आता तोडसान तं जोडाले तुमालेच बोलवतीन." ती खाली बसली आणि तिने सूप पुढे ओढलं. "तुमी हुशार हाये. तुमाले 'येत नाई' म्हनून सांगता येईन का?"

नाही सांगता आलं असतं. ती मला माझ्याहून चांगली ओळखत होती. मी तिथे उभी राहिले आणि ती डाळीतले खडे काढत राहिली. आजही कुठे कोणाला विजेची शेगडी दुरुस्त करताना पाहिलं की मी तिथून निघून जाते.

मार्चमध्ये ती परीक्षेला बसली. गणितात आणि इंग्रजीत उडाली. मराठीत, इतिहासात आणि भूगोलात तिचे गुण चांगले होते. आई म्हणाली, "जाऊ दे, सगळ्यायलेच डोकं नसते." ते तिने अगदी मायेने म्हटलं. दादाने गुणपत्रिका घडी करून कपाटात ठेवली. त्याच आठवड्यात माझा दुसऱ्या वर्षाचा निकाल लागला आणि घरात पेढे आले. वहिनीने ते गल्लीत वाटले.

पुढच्या वर्षी मी बी.एस्सी. झाले आणि मला अकोल्याला मुलींच्या शाळेत नोकरी लागली. जठारपेठेत एक खोली मिळाली. निघायच्या वेळी आईने विचारलं, काय काय नेशील? मी म्हटलं, "कुकर दे." सगळ्यांना वाटलं, एकटीला सोयीचा आहे म्हणून मागते. मला तो घरातून न्यायचा होता. मी वहिनीला एकटीला गाठून सांगितलं, "वयनी, आता चार दिवस तुमचे. दोनच विषय राहिले. पुढच्या मार्चले बसा. पुस्तकं मी पाठवते."

तिने मान हलवली. डबे घासून, कोरडे करून, एकावर एक नीट रचून दिले. मला ती मान हो म्हणतेय असं वाटलं.

अकोल्यात मी रोज त्याच कुकरात शिजवलं. खाली भात, मधे वरण, वर वांगं. शाळेतून येऊन बटन दाबायचं आणि वह्या तपासत बसायचं. महिन्याचे चारही दिवस दाबायचं. मला अडवायला तिथे कोणी नव्हतं. पिळलेल्या तारेची गाठ बाकीच्या तारेआधी लाल व्हायची. मी तिकडे पाहायची नाही. पहिल्याच महिन्यात मी नवं बीजगणित आणि इंग्रजीचं गाईड पोस्टाने पाठवलं. वहिनीचं उत्तर आलं नाही. मला वाटलं, अभ्यासात असेल. माणूस स्वतःला किती सोयीचं समजावू शकतो!

दिवाळीला मी घरी गेले. सोबत परीक्षेचा फॉर्म होता. आई दारातच भेटली, तिने ओवाळलं, दादाने बॅग घेतली. वहिनी दिसली नाही.

"बाहेर हाये," आई म्हणाली. "कोठीत."

मला आनंद झाला. काय आनंद झाला, सांगू! मी चप्पलही न काढता तशीच अंगणातून मागे गेले. मनात होतं की ती पुस्तकातून मान वर करील आणि म्हणेल, बाई, आता एकच धडा राहिला.

कोठीचं दार उघडं होतं. मधोमध एक नवा कुकर होता. मोठा, चार डब्यांचा, चकाकणारा, दोन बटनांचा. वाफ सुटली होती. वहिनी शेजारी बसून वाती वळत होती. मागे सरकीच्या पोत्यांवर मी पाठवलेलं पार्सल होतं, दोरीसकट, न उघडलेलं.

माझं डोकं फिरलं. मी अंगणात उभी राहूनच ओरडले, "हा कोणी आणला? आईने ना? थांबा, आज मी आईला..."

"आत्याबाईचं नाव नोका घेऊ," वहिनी म्हणाली. "मी मांगितला. ह्यायले म्या सांगतलं, अकोल्याले गेले तं घेऊन या."

"तुमी?"

तिने वळलेली वात ताटलीत ठेवली आणि दुसरा कापूस घेतला. "तुमी गेल्यावर दोन महिने बसली मी इथं रिकामी. कुकर नाई, सूप नाई, आत्याबाई बी काई बोलल्या नाईत. पुस्तक उघडलं. एक पान झालं का पयलं याद राहे नाई. आधी असं होत नोतं, बाई. मंग पुस्तक ठेवून दिलं आन भिंतीकडे पाहत बसली. चार दिवस भिंतीकडे पाह्यनं लय कठीन असते. दिवसभर एकच गोष्ट डोक्यात येते." कोणती, ते तिने सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती, गुणपत्रिका मीही पाहिली होती. "त्याच्यापेक्षा हे बरं. डाळ टाकली तं शिजते तरी. शेवटाले हाती काईतरी लागते."

मी फॉर्म पर्समधून काढलाच नाही. मी म्हटलं, "वयनी, चूक माझी झाली." इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हटलं. वाटलं, ती रडेल, किंवा मला दोन शब्द बोलेल. बोलायला हवी होती.

तिने मग एक बटन बंद केलं, झाकण उचललं, डबे सुटे केले. भात मोकळा झाला होता, एकेक शीत वेगळं. तिने एक स्वच्छ ताट घेतलं, त्यावर भात वाढला, वरण वाढलं, वरून तेल-तिखट घातलं, आणि ताट उंबऱ्यावर ठेवून माझ्याकडे सरकवलं. माझा हात लागू नये म्हणून आपला हात लगेच मागे घेतला. तिला ती सवय झाली होती.

"प्रवासातून आल्या, भूक लागली असन," ती म्हणाली. "जेवून घ्या, बाई. विजेले विटाळ नसते."

तिने टोमणा मारला असता तर मी ताट सोडून उठले असते. पण ती अगदी साधेपणाने बोलली. घरात सगळेच आता तसं म्हणत होते. मी उंबऱ्याशी बसले आणि सगळं ताट संपवलं. ती विचारत होती, आणखी भात घालू का.